लिंकनना स्वतःचे पणजोबा नीट ठाऊक नव्हते!

१८४८ साली अमेरिकी काँग्रेसचे सदस्य असलेल्या अब्राहम लिंकनना मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावाच्या सॉलोमन लिंकन या इतिहासकाराने घराण्याविषयी पत्र लिहून विचारलं. उत्तरात लिंकन आजोबांपर्यंत पोचले, पुढे पणजोबांबद्दल फक्त ऐकीव गोष्ट. पेनसिल्व्हेनियाहून व्हर्जिनियात आले, क्वेकर पंथाचे होते म्हणे.

पण दुवा नावांतच होता. घराण्यात मॉर्डेकाय, थॉमस, जॉन ही नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत होती आणि हिंगहॅमच्या लिंकनांतही तीच! पुढे संशोधकांनी साखळी जुळवली ती सॅम्युअल लिंकनपर्यंत. इंग्लंडच्या नॉरफकमधल्या हिंगहॅम गावात १६२२ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि १६३७ मध्ये नॉर्विचच्या एका विणकराचा नोकर म्हणून तो मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनपंथीय वसाहतीत आला. इंग्लंडमधल्या हिंगहॅमचे प्युरिटन पाद्री रॉबर्ट पेकही वर्षभराने तिकडेच गेले.

मला सगळ्यात आवडतो तो प्रवाशांच्या यादीतला तपशील. तिथे सॅम्युअलचं वय १८ लिहिलंय, बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे मात्र तो जेमतेम १४-१५ वर्षांचा! वंशावळ शोधताना एका कागदावर कधीच थांबू नये, ते यासाठी. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवणं सक्तीचं झालं, म्हणून असा ताळा घेता येतो.

सॅम्युअल, मॉर्डेकाय, पुन्हा मॉर्डेकाय, जॉन, अब्राहम, थॉमस आणि मग राष्ट्राध्यक्ष अब्राहम. विणकराच्या घरच्या पोरापासून सातवी पिढी!