ऋतू कोणत्या दिवशी बदलतो?

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली, आणि पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांनी ती उचलली. पुण्याची माला परंपरेने २१ एप्रिल ते २० मे या दिवसांत होते. आता हे दिवस खरोखर वसंतातले आहेत काय, असे कोणी विचारले तर त्याला एक उत्तर मिळणार नाही. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, ही शाळेत पाठ केलेली व्याख्या घेतली तर बहुतेक वर्षी 'होय' असे म्हणता येते. भारत सरकारच्या पंचांग-सुधारणा समितीने केलेली ऋतूंची मांडणी घेतली तर वसंत २० एप्रिलच्या सुमारास संपतो; म्हणजे ही वसंत व्याख्यानमाला सगळीच्या सगळी ग्रीष्मात भरते! हवामानखात्याच्या दप्तरी तर वसंत नावाचा ऋतूच नाही. तेथे मार्च ते मे हा सरळ उन्हाळा. आणि एप्रिलच्या दुपारी बारामतीच्या बाजारपेठेतून चालत जाणाऱ्याला विचाराल, तर तो घाम पुसता पुसता काय सांगेल हे सांगावयास नकोच.

ही नुसती गंमत असती तर तिच्यासाठी श्रोत्यांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या मुलखात वर्षाचा सारा हिशेब दोन-चार चांगल्या पावसांवर बसतो, तेथे ऋतू लागला की नाही या प्रश्नावर घरातले बियाणे मातीत टाकायचे की नाही हे ठरते. तेव्हा हा मतभेद मुळात कशातून निघतो, ते नीट पाहिले पाहिजे.

ऋतू मोजण्याची साधने तीन आहेत : सूर्य, चंद्र आणि आभाळ. तिघांची घड्याळे वेगवेगळी चालतात. सगळा घोळ येथे आहे.

प्रथम सूर्य. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षात चार दिवस ठळकपणे वेगळे पडतात. २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबर या दिवशी दिवस व रात्र जवळजवळ सारखी असतात; २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा आणि २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान असतो. याबद्दल जगात कोठेही वाद नाही. वाद आहे तो या दिवसांना ऋतूच्या आरंभी बसवायचे की मध्यावर, याबद्दल. युरोपातील ज्योतिषी मार्चमधील समरात्रीचा दिवस हा वसंताचा आरंभ धरतात. आपल्या सहा ऋतूंच्या मांडणीत तोच दिवस वसंताच्या मधोमध येतो : एक महिना अलीकडे, एक महिना पलीकडे. म्हणजे सूर्य तोच, दिवस तोच. तरी एकाचा वसंत १९ फेब्रुवारीच्या सुमारास लागतो आणि दुसऱ्याचा २१ मार्चला.

यात दुसरी एक अडचण आहे. भोवरा फिरताना त्याचा वरचा टोकदार भाग जसा हळूहळू डुलत वर्तुळ काढतो, तसा पृथ्वीचा आसही डुलतो. एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे समरात्रीच्या दिवशीचे सूर्याचे ताऱ्यांमधील स्थान सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. यालाच अयनचलन म्हणतात. ऋतूंचे वर्ष, म्हणजे सायन वर्ष, ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचे आहे. ताऱ्यांपासून मोजलेले निरयन वर्ष त्याहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. वीस मिनिटे म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण साधारण ७१ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो आणि गेल्या सतराशे वर्षांत त्यांचे चोवीस दिवस झाले आहेत. सूर्याचे उत्तरायण खरे म्हणजे २२ डिसेंबरला सुरू होते. आपण तीळगूळ वाटतो तो १४ किंवा १५ जानेवारीला. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. दीडशे वर्षांत संक्रांत किती सरकली हे यावरून ध्यानात यावे.

या चोवीस दिवसांवरून महाराष्ट्रात मोठे वाद झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली वेधाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग काढले. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायनाचा पक्ष घेतला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांचाच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, महिने ऋतूंसाठी आहेत. तैत्तिरीय संहितेत मधु आणि माधव हे वसंताचे महिने म्हणून सांगितले आहेत. तेव्हा महिना ऋतूपासून सुटला तर त्याला अर्थ उरत नाही. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी निरयनाची बाजू धरली, पण गणित मात्र आकाशाशी ताडून घ्यावे असा आग्रह धरला. गंमत अशी की, १८९३ सालच्या 'ओरायन' या ग्रंथात वेदांचा काळ ठरविण्यासाठी टिळकांनी याच अयनचलनाचा आधार घेतला होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारदरबारी गेला. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे तिचे सभासद होते. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तो दिवस १ चैत्र शके १८७९. नागरी व्यवहारासाठी महिने सूर्याशी पक्के बांधले गेले आणि वसंत ठरला फाल्गुन-चैत्रांचा. धार्मिक तिथी-नक्षत्रे मात्र निरयनच राहिली. वाद मिटविण्यासाठी नेमलेल्या समितीने असलेल्या उत्तरांत आणखी एकाची भर घातली, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही.

आता चंद्र. बारा चांद्रमासांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून मधून मधून अधिक महिना घालून आपण ते सावरून घेतो. त्यामुळे तिथी वर्षभर भटकत नाहीत, पण महिनाभराच्या अंगणात मागेपुढे होतात. तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरावरून पंढरीला जाते. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. वारकऱ्याला पालखी चिखलातून न्यावी लागेल की धुळीतून, हे नुसत्या तिथीवरून सांगता येत नाही.

शेतकरी चंद्रावर फारसा विसंबत नाही; तो सूर्याची नक्षत्रे मोजतो. ७ किंवा ८ जूनला मृग, २१ किंवा २२ जूनला आर्द्रा, १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा, २६ किंवा २७ सप्टेंबरला हस्त. ही मोजणी तारखेशी जुळती आणि सोयीची आहे. परंतु ती निरयन आहे, हे विसरता कामा नये. वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, सूर्य मृगात शिरे तो आजच्या हिशेबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यात. आणखी सुमारे हजार वर्षांनी आजच्या आर्द्रेच्या जागी मृग येईल. पाऊस मात्र नक्षत्राबरोबर सरकणार नाही. आज मृग आणि पाऊस जवळ आले आहेत, ते आपल्या काळापुरते.

तेही कोकणात. मुंबईला मोसमी पावसाची सरासरी तारीख आता ११ जून धरतात. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होऊन पुढे येतात, म्हणून महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि बारामतीस पाचशेच्या आसपास. शिवाय आपला भरवशाचा महिना जून नव्हे, सप्टेंबर. येथील जिराईत शेतकऱ्याची शाळूची पेरणी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर होते. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बागाइतदाराचे ऋतू पाटबंधारेखात्याने वाटून दिले : १ जुलै ते १४ ऑक्टोबर खरीप, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी, १ मार्च ते ३० जून उन्हाळी. हवामानखात्याचा पावसाळा १ जूनला लागतो, कालव्याचा उन्हाळा ३० जूनपर्यंत चालतो. एकाच जून महिन्यास एक खाते पावसाळा म्हणते आणि दुसरे उन्हाळा. आणि आवर्तनाची वाट पाहणाऱ्या उसाच्या दृष्टीने दुसऱ्याचेच अधिक खरे असते.

हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, ते २०२५ साली दिसले. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची ही नोंद आजवरची सर्वांत लवकरची. त्याच सुमारास बारामती-इंदापूर भागात अतिवृष्टी होऊन नीरा डावा कालवा फुटला, शेतांत पाणी शिरले. पंचांगाप्रमाणे मृग लागायला अजून पंधरवडा होता. अशा वेळी चांगली ओल पाहून पेरणीचा मोह कोणाला होणार नाही? परंतु पेरणीची घाई करू नका, असे कृषिखाते सांगत होते, आणि मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत पावसाची पुढची चाल खरोखरच थांबली. हवामानखाते केरळात मोसमी पाऊस आल्याचे जाहीर करते, ते ठरलेल्या चौदा केंद्रांपैकी साठ टक्के केंद्रांवर दोन दिवस लागोपाठ किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडला आणि वाऱ्याची व ढगांची लक्षणेही जुळली म्हणजे. ती घोषणा वाऱ्यांबद्दल असते. आपल्या रानातील ओलीबद्दल नसते. पेरणीस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. ही दोन मापे एकच समजणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते, आणि दुसऱ्या वेळचे बियाणे बहुधा उधारीचे असते.

तात्पर्य, ऋतूची खरी तारीख कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, हे शब्द त्याला जोडले म्हणजे बहुतेक भांडण संपते. व्रत आणि वारीसाठी चांद्र तिथी योग्य आहे, कारण सर्वांनी एका दिवशी जमणे हा तिचा हेतू. दिवसमान आणि सूर्याची चाल समजून घेण्यासाठी सायन गणना योग्य आहे. कालव्याच्या पाण्याचा अर्ज देताना खात्याचीच तारीख पाळली पाहिजे. आणि बाजरी पेरायची असेल तेव्हा मृगाचे वाहन कोणते आहे याची चौकशी करण्याआधी रानात जावे, चार ठिकाणी माती उकरावी आणि ओल किती खोल उतरली आहे ते पाहावे.