डिकीचे झाकण आणि पहारेची घाई

वाचकहो, या पानावर आम्ही एरवी सूत, माग आणि बाजारभाव यांवर लिहितो. आज विषय मोटारगाडीचा आहे. पण गोष्ट शेवटी धंद्यावरच येते, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

२०२३च्या दिवाळीआधीची ही हकिकत. भिवंडीहून शर्टिंगचे नमुने घेऊन आम्ही काळबादेवीला निघालो होतो. नागपूरचे एक मोठे खरेदीदार त्या दिवशी तेथे येणार होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते. आमच्या पुतण्याने हौसेने एक जुनी जर्मन गाडी घेतली आहे. तो म्हणाला, "चाचा, आज या गाडीतून चला, समोरच्यावर छाप पडेल." नमुन्यांच्या दोन्ही बॅगा डिकीत ठेवल्या आणि निघालो. पेढीजवळ उतरून पुतण्याने रिमोटचे बटण दाबले. डिकी उघडेना. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. आतले बटण दाबून पाहिले, काही नाही.

वेळ जात होता, तसा आमचा पाराही चढत होता. आम्हीच बाजूच्या हमालाला सांगितले, "पहार आण आणि उचल ते झाकण." त्याने सांगितल्याप्रमाणे केले. झाकणाची कड वाकली, रंगाचे टवके उडाले, पण कुलूप जागचे हलले नाही. खरेदीदाराने तासभर वाट पाहिली, चहा घेतला, "पुढच्या वेळी पाहू" म्हणून नमस्कार केला आणि निघून गेला. त्या हंगामाची त्याची ऑर्डर दुसऱ्या पेढीला मिळाली. नमुने चार फुटांवर होते आणि आम्ही ते दाखवू शकलो नाही, याचे दुःख आजही आहे.

आधी प्रश्न, मग हत्यार

परतताना आम्ही कुर्ल्याला थांबलो. तेथे सीएसटी रोडला जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. त्यांच्या आसपास काम करणारा एक तरुण ऑटो इलेक्ट्रिशियन ओळखीचा होता. त्याने गाडीला हातसुद्धा लावला नाही, आधी विचारले, "रिमोटने दरवाजे उघडतात का? बटण दाबल्यावर डिकीतून आवाज येतो का? हे एकदम झाले की आधीपासून कुरकुर होती?"

पुतण्याने सांगितले की दरवाजे उघडतात, आवाज मात्र येत नाही. महिनाभर डिकी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उघडत होती आणि नंबर प्लेटवरचा दिवाही तेव्हापासून बंद होता. हे ऐकून तो हसला. "शेठ, आजार निम्मा कळला. त्या दिव्याची आणि कुलपाची वायर एकाच वाटेने जाते."

मग त्याने रिमोटच्या पोटातून लोखंडी चावी ओढून काढली. अशी चावी तेथे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि गाडीच्या मालकालाही नव्हते! डिकीचे किल्लीचे भोक वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजले होते. त्याने त्यात गंज सोडवणारा स्प्रे मारला, दहा मिनिटे थांबला आणि जोर न लावता चावी आत-बाहेर केली. हळूहळू कुलूप फिरले. झाकण उघडले. बॅगा जशाच्या तशा होत्या.

तपासाचा क्रम

त्या दिवशी त्याच्याकडून जे शिकलो, आणि नंतर चौकशी करून जे समजले, ते कारागीर बांधवांसाठी आणि गाडी बाळगणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी क्रमाने देत आहोत.

पहिली गोष्ट बॅटरीची. दरवाजेही रिमोटने उघडत नसतील तर दोष डिकीचा नाही. रिमोटचा सेल संपला असेल किंवा गाडीची मुख्य बॅटरी बसली असेल. बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत मुख्य बॅटरी डिकीतच असते. म्हणजे बॅटरी बसली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही! अशा गाड्यांत बॉनेटखाली वीज जोडण्यासाठी वेगळे टोक दिलेले असते. तेथे दुसऱ्या बॅटरीची वायर जोडली की काम होते.

दुसरी गोष्ट बंदीच्या बटणाची. काही महागड्या गाड्यांत समोरच्या कप्प्यात एक बटण किंवा कुलूप असते. हॉटेलच्या माणसाच्या हाती गाडी देताना डिकी बंद राहावी म्हणून ते ठेवलेले असते. चुकून ते दाबले गेले असेल तर डिकी उघडणार नाही, आणि तो बिघाड नव्हेच.

तिसरी गोष्ट कानाची. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने डिकीला कान लावावा. 'टक्' आवाज आला पण झाकण उठले नाही, तर कुलूप सुटते आहे आणि अडचण खटक्याची, चिकटलेल्या रबराची किंवा आतून दाबणाऱ्या सामानाची आहे. तेव्हा तळहाताने झाकण खाली दाबून धरावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बटण दाबावे. ताण सुटला की खटका बहुधा मोकळा होतो. आवाजच आला नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा कुलपाची लहान मोटर गेली आहे.

चौथी गोष्ट फ्यूजची. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण. मग झाकणावरचे बटण पाहावे. पावसाचे पाणी शिरून ते खराब होते. त्यानंतर बिजागरीजवळची वायर मल्टिमीटरने तपासावी.

पाचवी गोष्ट आतल्या वाटेची. मागची सीट पडत असेल तर आतून डिकीत शिरता येते. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१पासून बनणाऱ्या, डिकी असलेल्या नव्या मोटारींत आतून उघडण्याची सोय सक्तीची आहे, आणि ती अंधारातही दिसावी लागते. एखादे मूल आत अडकले तर बाहेर पडता यावे हा हेतू. अशी मूठ गाडीत असेल तर सीटच्या वाटेने हात घालून तीच ओढावी.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. १९९५पासून पुण्यात तयार होऊ लागलेली मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ ही गाडी अजून काही ठिकाणी दिसते. तिची इंधनाची टाकी मागच्या सीटच्या पाठीशीच असते. तेथे भोक पाडण्याचा किंवा छिन्नी चालवण्याचा विचारही करू नये. शिवाय तिचे मध्यवर्ती कुलूप हवेवर चालते. पंप नळ्यांतून हवा ढकलतो आणि ओढतो. नळी चिरली की कुलपे मंदावतात. तेथे वायर शोधत बसणारा दिवस फुकट घालवील. गाडी कोणती, हे आधी विचारावे असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

घडीवर विरते ते कापड

आमच्या गाडीचा दोष कोठे निघाला? बिजागरीजवळच्या रबरी नळीत. झाकण उघडताना आणि मिटताना तेथील वायर रोज एकाच जागी वाकते. नळी सरकवून त्याने दाखवले. दोन वायरींचे तांबे आत तुटले होते, तिसरीचे वरचे आवरण तडकले होते. बाहेरून पाहता सारे धडधाकट.

आमचा जन्म कापडात गेला, तरी हे आम्हाला सुचले नाही! जरीची साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली की ती घडीवरच फाटते. म्हणून आमच्या घरातील बायका अधूनमधून घडी बदलतात. तांब्याच्या तारेचा कायदाही तोच आहे. त्या मुलाने वायरीचे तुटके भाग कापून लवचिक वायरीचे लांब तुकडे घातले. डाक देऊन जोड वाकण्याच्या जागेपासून दूर नेले आणि वर आवरण चढवले. डिकी पहिल्या दाबाला उघडली आणि नंबर प्लेटवरचा दिवाही लागला.

हुनरची किंमत

आता आमच्या शरमेची गोष्ट सांगतो. त्याने सहाशे रुपये मागितले. आम्ही सवयीने म्हणालो, "दीड वीत वायरीचे सहाशे?" आणि चारशेवर आलो. तो काही बोलला नाही. चारशे घेतले, तुटक्या वायरीचे तुकडे पुतण्याच्या हाती ठेवले आणि पुढच्या गाडीकडे वळला. पुढच्या आठवड्यात पहारेने वाकलेली कड सरळ करून रंग द्यायला आम्ही चौदा हजार मोजले, आणि तेथे एक शब्दही काढला नाही. स्वतःच्या घाईचे चौदा हजार बिनतक्रार दिले आणि दुसऱ्याच्या हुनराचे दोनशे कापले. रात्री हिशेबाच्या वहीत दोन्ही रकमा एकाखाली एक लिहिताना हात थांबला. दुसऱ्या दिवशी पुतण्याला कुर्ल्याला पाठवून दोनशे रुपये पोहोचते केले.

व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की गाडी घेताच तिचे माहितीपुस्तक वाचा, लोखंडी चावी कोठे आहे ते पाहा, वर्षातून दोनदा ती कुलपात फिरवा, आणि विक्रीचे नमुने डिकीऐवजी सीटवर ठेवा. डिकी दुसऱ्या दाबाला उघडू लागली की ती सूचना समजा. आम्ही महिनाभर तिकडे काणाडोळा केला.

कारागीर बांधवांना सांगणे एवढेच की गाड्यांतील विजेचे काम वाढत चालले आहे. ज्याच्या मुलाला या कामात रस आहे, त्याने त्याला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियनचे शिक्षण द्यावे आणि मल्टिमीटर हाती द्यावा. पहार चालवणारे हात बाजारात पुष्कळ आहेत. तीन प्रश्न विचारून दोष ओळखणारा मात्र शोधावा लागतो, आणि तो सापडला की त्याचा मेहनताना कापू नये. आमचा तर तजुर्बा असा की तो कापणे शेवटी आपल्यालाच महाग पडते.