निळे कार्नेशन आणि दारचा झेंडू

दिवाळीत दाराला झेंडूचे तोरण आणि दिवाणखान्यातल्या फुलदाणीत लांब दांड्याची कार्नेशनची फुले, असा थाट आता पुष्कळ घरी दिसतो. मावळात वाढलेली अशी फुले घाट उतरून पनवेलमार्गे मुंबईला जातात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे कोन हे गाव याच वाटेवरचे. समजा, या फुलांत उद्या प्रयोगशाळेत घडवलेले एखादे फूल आले आणि कोमेजून कोनमधल्या एखाद्या घरामागच्या उकिरड्यावर पडले, तर काय होईल?

अशी फुले जगात आहेत. कार्नेशनला निळा रंग निसर्गाने दिलेलाच नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीन कंपनीने पेटुनियाचे जनुक त्यात घालून जांभळट ‘मूनडस्ट’ कार्नेशन तयार केले. १९९६ साली ते तेथे विक्रीस आले. जपानमध्ये सनटोरीचा निळसर गुलाब २००९ पासून मिळू लागला.

अशा फुलाची परीक्षा घेताना तज्ज्ञ साधेच प्रश्न विचारतात. त्याचे पराग उडतात का? टाकलेल्या फुलातून बी पडेल का? दांडी रुजेल का? जवळपास त्याचे रानटी भाऊबंद आहेत का? कार्नेशनचे पराग थोडे, तेही दाट पाकळ्यांत दडलेले. फुलदाणीतल्या फुलात बी धरण्याचा संभव नाहीच म्हणा ना! कोणी हौसेने दांडी रुजवली तरी कोकणच्या पावसात ते रोप आपल्या बळावर पसरणे कठीण. ऑस्ट्रेलियाने बरीच वर्षे तपासून २००७ मध्ये या कार्नेशनला परवान्याच्या बंधनातून मोकळे केले.

आता झेंडूकडे पाहा. दसऱ्याचे वाळलेले तोरण परसात टाकले, की पुढे तेथेच रोपे उगवतात! म्हणजे उद्या कोणी झेंडूत जनुक घातले, तर कार्नेशनचा दाखला त्याला चालणार नाही. परीक्षा फुलागणिक वेगळी हवी.

आणि धोका काही प्रयोगशाळेतूनच येतो असे नाही. आपल्या डोंगरांवर माजलेली घाणेरी परदेशातून बागेची शोभा म्हणून आली. नद्या झाकणारी जलपर्णीही तशीच. त्यांच्या जनुकांना कोणी हात लावला नव्हता. त्यांना आधी प्रश्न विचारले गेले नाहीत, एवढेच.

आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार जनुक बदललेल्या सजीवाची आयात वा लागवड सरकारी परवानगीवाचून करता येत नाही. पण नुसता नियम पुरत नाही. २०१७ साली फिनलंडमध्ये बाजारातली नारिंगी पेटुनिया मक्याचे जनुक बाळगणारी निघाली. तिच्यापासून निसर्गाला धोका दिसला नाही; परंतु ती वर्षानुवर्षे विकली जात होती आणि कोणाला पत्ताच नव्हता!

तेव्हा फुलाचा रंग जरूर पाहावा; पण ते टाकल्यावर काय करील, हेही विचारावे. आणि निर्माल्य ओढ्यात न सोडता परसातल्या खड्ड्यात पुरावे, हे तर आजपासूनच करता येईल.