एकच गोळी सर्वांना का लागू पडत नाही?



माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका, हे आपल्या शेतकी विभागाने आजवर किती वेळा सांगितले असेल, त्याची मोजदाद नाही. बांधाला बांध लागून दोन राने असतात. एक खारवट-चोपण निघते, दुसरे काळे कसदार. चोपणात 'फुले २६५' तग धरते, चांगल्या निचऱ्याच्या रानात 'को ८६०३२' उतारा देते, हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही युरिया ओतला, तर काय होते तेही आपण पाहतोच.

मग औषधाच्या बाबतीत मात्र आपण शेजाऱ्याचीच गोळी का मागून घेतो? "तुम्हाला गुण आला ना, मग द्या दोन गोळ्या," हे वाक्य गावोगावी ऐकू येते. रानाप्रमाणे माणसाचे शरीरही वेगवेगळे असते. ते किती वेगळे आहे, हे शोधून काढण्याचे काम आज संगणक करू लागला आहे. त्याची थोडी माहिती सभासदांना व्हावी, म्हणून हा लेख.

तैवानची गोष्ट

फिट येण्याच्या, म्हणजे आकडीच्या आजारावर कार्बामाझेपीन नावाचे जुने आणि गुणकारी औषध आहे. चेहऱ्याची शीर ठणकते त्या दुखण्यावरही ते देतात. जगभर असंख्य माणसे ते घेऊन सुखाने कामधंदा करीत आहेत. पण फार थोड्या लोकांना याच गोळीची भयंकर बाधा होते. ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड आतून सोलवटते, अंगावर फोड येतात आणि भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. यात माणूस दगावूही शकतो.

ही बाधा कोणाला होणार, हे पूर्वी आधी कळत नसे. २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी अशी बाधा झालेल्या ४४ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत एचएलए-बी १५०२ ही एकच आनुवंशिक खूण सापडली. तेच औषध घेऊन ज्यांना काहीही झाले नव्हते अशा १०१ जणांत मात्र ती अवघ्या तिघांत होती.

पुढे तैवानच्या २३ रुग्णालयांनी मिळून ४,८७७ जणांची गोळी सुरू करण्यापूर्वीच चाचणी केली. शेकडा आठाच्या आसपास लोकांत खूण निघाली. त्यांना हे औषध दिलेच नाही. पूर्वीच्या अनुभवाप्रमाणे एवढ्या लोकांत सुमारे दहा जणांना बाधा व्हायची. प्रत्यक्षात एकालाही झाली नाही. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा घरांवरचे संकट एका रक्ताच्या चाचणीने टळले, असेच म्हणायचे.

ही खूण तैवानपुरती नाही. आपल्या देशातील डॉक्टरांनी २००९ मध्ये अशा आठ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली, त्यांपैकी सहा जणांत हीच खूण निघाली.

दुसरे उदाहरण हृदयविकाराचे. अँजिओप्लास्टी झाल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल नावाची गोळी देतात. ही गोळी पोटात गेल्याबरोबर काम करीत नाही. यकृतात तिचे रूपांतर व्हावे लागते, तेव्हा ती लागू पडते. काही लोकांच्या यकृतात हे रूपांतर जन्मतःच नीट होत नाही. गोळी नेमाने घेतली तरी तिचा गुण अपुरा पडतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१० मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला. अशांसाठी दुसरी औषधे आहेत, पण आधी ते कळायला तर पाहिजे!

संगणक नेमके काय करतो?

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत आई-बापांकडून आलेला एक मजकूर असतो. त्याला जीनोम म्हणतात. चारच अक्षरे, पण ती एकापुढे एक मांडली तर सुमारे ३०० कोटी होतात. सर्व माणसांत हा मजकूर बहुतेक सारखाच असतो. तरी एका प्रमाण प्रतीशी ताडून पाहिला तर कोणाही माणसात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादाच औषधाच्या आड येतो. गवताच्या गंजीतून सुई काढण्यापेक्षा हे अवघड.

त्यात आणखी एक पंचाईत अशी की, आज सर्रास वापरली जाणारी यंत्रे हा मजकूर सलग वाचत नाहीत. ती शंभर-दीडशे अक्षरांचे बारीक तुकडे वाचतात. समजा, एकाच ग्रंथाच्या तीस प्रती फाडून सगळे कपटे एका पोत्यात भरले आणि पुन्हा ग्रंथ जुळवायला सांगितले, तर काय कराल? एका कपट्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिल्या ओळीशी जुळते का, हे पाहत बसावे लागेल. माणसाची हयात गेली तरी हे काम पुरे होणार नाही. संगणक ते करतो, न कंटाळता करतो.

मानवी जीनोम वाचण्याचा सार्वजनिक प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मध्यंतरी एका खासगी कंपनीनेही हेच काम हाती घेतले. ती आधी पोचली तर या माहितीवर पेटंटची कुलपे पडतील, अशी भीती होती. तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील जिम केंट या विद्यार्थ्याने सुमारे चार आठवडे रात्रंदिवस बसून तुकडे जुळविण्याचा प्रोग्राम लिहिला. जून २००० मध्ये शंभर साध्या संगणकांवर तो चालवून मसुदा जुळविला आणि ७ जुलै २००० रोजी तो इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला झाला. ज्याला कामाची कळकळ आहे, त्याने सर्वांच्या मालकीची वस्तू सर्वांच्या हाती कशी ठेवली, हे सहकारातल्या माणसाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

जे काम करायला तेव्हा तेरा वर्षे लागली, ते आज एका माणसासाठी काही दिवसांत होते.

एकट्याच्या उसाने गाळप होत नाही

आता खरी मेख. 'माणसागणिक औषध' म्हटले की वाटते, हा ज्याच्या-त्याच्या शरीराचा प्रश्न. पण एकट्या माणसाचा जीनोम वाचून संगणकाला काही कळत नाही. हजारो माणसांचे जीनोम, त्यांनी घेतलेली औषधे आणि त्यांना आलेले गुण-अवगुण शेजारी शेजारी मांडले, तरच कोणता फरक महत्त्वाचा ते उमगते. तैवानची खूण सापडली ती बाधा झालेले आणि न झालेले, दोघांचीही नोंद होती म्हणून.

म्हणजे ही सुद्धा एक प्रकारची सहकारी संस्थाच झाली. पंचवीस गुंठेवाल्यानेही शेअर भरला तेव्हा कारखाना उभा राहिला. आणि ज्याच्या उसाची नोंदच नाही, त्याला तोड कशी मिळणार?

याचे कडू उदाहरण अमेरिकेतच घडले. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या औषधाचा डोस जनुके पाहून गणिताने ठरवावा की नेहमीच्या पद्धतीने, याची तुलना करणारी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांचा विचार करता जनुकांच्या गणिताचा विशेष फायदा दिसला नाही. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत तर जनुकांचे गणित नेहमीच्या पद्धतीपेक्षाही कमी पडले. कारण म्हणून जाणकारांनी बोट ठेवले ते असे, की गणितात धरलेले फरक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारे होते. आफ्रिकी वंशात आढळणारे फरक त्यात धरलेच नव्हते. परक्याच्या मातीचा अहवाल घेऊन आपल्या रानात खत टाकण्यासारखेच हे झाले.

म्हणून आपली नोंद आपण केली पाहिजे. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये 'इंडिजेन' प्रकल्पात देशातील १,००८ लोकांचे जीनोम वाचले. त्यानंतर 'जीनोम इंडिया' प्रकल्पात २० संस्थांनी मिळून निरनिराळ्या समाजगटांतील सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले. ही माहिती फरिदाबादच्या केंद्रात साठविली असून जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली केल्याचे जाहीर झाले. आपल्यासारख्या अफाट देशाला दहा हजार म्हणजे पहिली पेरणीच समजायची. पण रोप उगवले, हे काय थोडे झाले?

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, हा लेख वाचून चालू असलेले कोणतेही औषध मनाने बंद करू नका. फिटची गोळी एकदम सोडली तर झटका येऊन जिवावर बेतू शकते. कार्बामाझेपीनची बाधा बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होते. वर्षानुवर्षे जे ती घेत आहेत त्यांनी घाबरू नये. नव्याने गोळी सुरू करायची असेल तर "ही चाचणी करावी काय?" एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे. नवीन गोळीनंतर तापाबरोबर अंगावर चट्टे उठले, तोंड आले, डोळे चुरचुरू लागले, तर उद्यावर ढकलू नका. तडक दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट, घरात एक वही ठेवा. उसाची लागण तारीख, खताचा हप्ता, टनेज आपण लिहून ठेवतोच. तसेच कोणाला कोणते औषध दिले, काय गुण आला, कशाने पुरळ उठले, हे तारखेसह लिहा. औषधाचे वेष्टन वा डॉक्टरांची चिठ्ठी त्यातच ठेवा. "पांढरी गोळी होती, तिने त्रास झाला," एवढ्यावर कोणताही डॉक्टर काय करणार? आई-वडील, भाऊ-बहीण यांना झालेला त्रासही लिहा, कारण हा मजकूर वंशपरंपरेने येतो.

तिसरी गोष्ट, जनुक चाचणीच्या जाहिराती पाहून पैसे टाकू नका. कोणती चाचणी, कोणत्या औषधासाठी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. काटा वजन दाखवितो, पण कोणता ऊस कधी तोडायचा ते काटा ठरवीत नाही. संगणकाचेही तसेच आहे.

आणि शेवटची गोष्ट. कोणी संशोधनासाठी रक्त मागितले तर एकदम नाही म्हणू नका, आणि न विचारता होही म्हणू नका. कोण घेतो, कशासाठी, नाव गुप्त राहणार का, हे समजावून घ्या. मगच संमतीपत्रावर सही करा किंवा अंगठा उठवा. ही माहिती एकट्याची नसते, सबंध भावकीची असते. ती जपून द्यावी, पण द्यावी. आपल्या शिवाराची नोंद त्या खात्यात झाली नाही, तर उद्या आपल्या नातवाचा डोस परमुलखातल्या हिशेबाने ठरेल.