चिमुकली ‘बेंगॉल’, बलाढ्य शत्रू

जन्म : सिडनीतील कॉकाटू बेट. ऑगस्ट १९४२मध्ये ‘एचएमआयएस बेंगॉल’ या नावाने रॉयल इंडियन नेव्हीत दाखल.

काम : सुरुंग काढणे आणि व्यापारी जहाजांना सोबत करणे.

शस्त्रबळ : मुख्य तोफ एकच, तीही १२ पौंडी.

कसोटी : ११ नोव्हेंबर १९४२, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला. सोबतीला ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज. समोर ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही दहा-दहा हजार टनांची दोन सशस्त्र जपानी जहाजे. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निसटायला सांगितले आणि ‘बेंगॉल’ थेट शत्रूवर घातली.

निकाल : तोफगोळा वर्मी लागून ‘होकोकू मारू’ स्फोटाने बुडाले. तो गोळा ‘बेंगॉल’चा की ‘ओंडिना’चा, यावर मतभेद आहेत. ‘ओंडिना’चे कप्तान विलेम हॉर्समन धारातीर्थी पडले, पण दोन्ही जहाजे वाचली. जखमी ‘बेंगॉल’ने दिएगो गार्सिया गाठले, ‘ओंडिना’ फ्रीमँटलला परतले.

पुढे : स्वातंत्र्यानंतर ‘बेंगॉल’ भारतीय नौदलातच राहिली आणि १९६०मध्ये निवृत्त झाली. हिंदी खलाशांचा हा पराक्रम शालेय इतिहासात यायलाच हवा.