तिथीची पाऊणपट

किहीमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही. कोकणपट्टीतला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे पाणी.

हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत ३० तिथी. तेवढ्या काळात भरतीची वेळ २४ तास पुढे सरकून मूळ जागी येते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटे कमी पडतात आणि पंधराव्या दिवशी ही तूट पाऊण तासावर जाते. पण तोवर पंधरवडा संपतो, प्रतिपदा येते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. चूक साठू न देणारा इतका सोपा तोंडी हिशेब ज्याने कोणी बसवला, त्याला दाद द्यायला हवी. मात्र तो इथलाच आहे. मुंबई-रायगडच्या पाण्यात पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते म्हणून तो जमतो. दुसऱ्या किनाऱ्यावर नेला तर जमेलच असे नाही.

आता तिथी सांगणाऱ्या पंचांगातलेच दुसरे गणित पाहा. सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, येणाऱ्या संख्येला ९ ने भागायचे आणि बाकीवरून पावसाचे वाहन ठरवायचे. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पुढे मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि शून्याला हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की घरातली वडीलधारी मंडळी खूश. गणित म्हणून यात काही खोट नाही. पण मृग नक्षत्राचे वाहन किहीमला जे, तेच कोरड्या मंगळवेढ्यालाही. एकीकडे भाताची खाचरे तुडुंब आणि दुसरीकडे माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली, असे जूनमध्ये नेहमीच दिसते. वाहन मात्र दोघांचे एक. भरतीच्या हिशेबाची परीक्षा समुद्र दिवसातून दोनदा घेतो. वाहनाची परीक्षा कोणी घेतच नाही, म्हणून ते कधी नापासही होत नाही.

पक्ष्यांवरून पाऊस ओळखण्याचे आडाखे या दोहोंच्या मधले. कावळ्याने आंब्यावर, करंजावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर ओढ, असे सांगतात. सुगरणीच्या घरट्याच्या उंचीवरूनही अंदाज बांधतात. आणि सुगरणीचा विषय निघाला की किहीमला वगळता येत नाही. बर्लिनहून पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडचा अभ्यास आटोपून सालिम अली १९३० मध्ये परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या किहीममधल्या घरात ते राहू लागले. जवळच सुगरणींची वसाहत होती, हातात वेळ होता. पावसाळाभर आडोशाला बसून त्यांनी केलेले निरीक्षण १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. घरटे विणतो नर. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो. एका नराची अशी अनेक बिऱ्हाडे. (लोककथेने कौतुक मात्र मादीचे केले आहे.)

पावसाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी, की सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्याचा. विणायला लांब ओले पाते लागते. ते भाताचे, गवताचे पाते पावसाने वाढते. घरटी बहुधा नैऋत्येच्या वाऱ्याच्या आडोशाला, झाडाच्या पूर्व बाजूला लटकतात. तेव्हा विणकाम जोरात असेल तर पाऊस सुरू झाला आहे एवढे पक्के कळते. सप्टेंबरात काय होईल, हे त्या पाखराला कोठून ठाऊक असणार?

३ जून २०२० रोजी या साऱ्या शहाणपणाची हद्द दिसली. नक्षत्र रोहिणी, मृग अजून लागायचा होता. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचे दोन दिवसांत चक्रीवादळ झाले आणि ‘निसर्ग’ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. याची चाहूल ना वाहनाने दिली, ना घरट्याने. ती दिली उपग्रहाच्या चित्रांनी आणि हवामान खात्याने. खात्याने आणखी एक इशारा दिला होता: भरतीच्या पातळीवर एक ते दोन मीटर पाणी चढेल. आता पाऊणकी लावून पाहा. त्या दिवशी सकाळी द्वादशी होती, नऊनंतर त्रयोदशी लागली. हिशेबाने पूर्ण भरती नऊ ते पावणेदहाची, प्रत्यक्षात थोडी उशिरा. वादळ आले तेव्हा पाणी उतरू लागले होते. तेच वादळ सकाळी येते तर किनाऱ्यालगतच्या घरांचे काय झाले असते, याचा अंदाज पंचांग हाती असलेला कोणीही करू शकतो.

हे सगळे वाचून कोणी जुने टाकून नवे घ्यायचा धडा काढील, तर थोडे थांबावे. खात्याचा रोजचा इशारा जिल्ह्याला मिळून एका रंगाचा असतो: पिवळा, नारिंगी, लाल. रायगड जिल्हा किहीमच्या वाळूपासून महाडपर्यंत आणि घाटाच्या पायथ्याच्या पोलादपूरपर्यंत पसरलेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेवर दरड कोसळली. त्याच सुमारास वर घाटमाथ्यावर, शेजारच्या जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. घाटाच्या पायथ्याशी कोसळणारा असा पाऊस आणि किनाऱ्यावरचा पाऊस यांना एकाच रंगात बसवणे म्हणजे किहीम आणि मंगळवेढ्याला एकच बेडूक देण्यासारखे आहे. फरक इतकाच, की खात्याच्या रंगाचा पडताळा दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापकात घेता येतो. घटकाभराचा प्रश्न असेल तर कुलाब्याच्या डॉप्लर रडारचे चित्र पाहावे. ते रडार किहीमपासून पाण्यावरून जेमतेम वीस किलोमीटरवर आहे, आणि समुद्रावरून चालून येणारी सर त्यात आधी दिसते. वाल वाळत घातलेले उचलायचे की नाही, एवढे ठरवायला ते पुरते.