माळेगावचा घोडा आणि वीर्यद्रवातील प्रथिने
मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेनिमित्त लोहा तालुक्यातील माळेगावी घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे आम्हां मुदखेडकरांची नजर घोड्याच्या चालीवर, रंगावर आणि भोवऱ्यांवर खिळते. परंतु ज्या वीर्यद्रवावर त्याची प्रजननक्षमता पुष्कळशी अवलंबून असते, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. घोड्याचे वीर्य थेट घोडीच्या गर्भाशयात उतरते आणि तेथील श्वेतपेशी शुक्रजंतूंना परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. अशा समयी वीर्यद्रवातील ‘क्रिस्प-३’ नामक प्रथिन जिवंत शुक्रजंतूंचे रक्षण करते व मृतांना मात्र तसे संरक्षण देत नाही, हा निवाडा मला विलक्षण वाटतो. साठवणीत हाच द्रव शुक्रजंतूंना बाधतो, सबब वीर्य गोठविण्यापूर्वी त्याचा बराचसा अंश काढून टाकतात.